डाउनलोड-गणना
डाउनलोड-गणना : संकेतस्थळावर ठेवलेली एखादी फाइल किती वेळा, केव्हा व कोणत्या मार्गाने उतरवून घेतली गेली, याची नोंद सर्व्हरवर चालणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने ठेवण्याची पद्धती. फाइल म्हणजे येथे मुख्यतः ग्रंथाची पीडीएफ प्रत, ध्वनिमुद्रण, नकाशा किंवा अर्जाचा नमुना अभिप्रेत आहे. संकेतस्थळावरील पृष्ठ पाहणे आणि फाइल उतरवून घेणे या दोन भिन्न क्रिया असून त्यांची गणना वेगवेगळी करावी लागते. मराठी विश्वकोश २०११ मध्ये महाजालावर आला. त्यातील नोंद वाचणारा वाचक पृष्ठ पाहतो, फाइल उतरवीत नाही. उलट एखादा संपूर्ण ग्रंथ पीडीएफ स्वरूपात घेणारा वाचक पुष्कळदा ग्रंथाचे पृष्ठ न उघडता थेट फाइलच मागवतो. या दुसऱ्या वाचकाची मोजणी हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय.

सार्वजनिक संस्थांच्या दृष्टीने या मोजणीला व्यावहारिक महत्त्व आहे. मुंबईतील शिवाजी पार्क व त्याला लागून असलेला दादर-प्रभादेवीचा परिसर हे त्याचे चांगले उदाहरण ठरते. शिवाजी पार्कच्या मैदानासमोरील स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने (१९८९) सावरकरांचे ग्रंथ पीडीएफ स्वरूपात संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिले. तेथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर, प्रभादेवी येथील रवींद्र नाट्यमंदिराच्या वास्तूत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे कार्यालय अनेक वर्षे होते. १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या या मंडळानेही आपली प्रकाशने त्याच स्वरूपात खुली केली. दादरच्या पूर्व भागात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) आहे. अशा ग्रंथालयांत एखाद्या ग्रंथाला किती मागणी आहे हे देवघेवीच्या नोंदवहीवरून आणि ग्रंथाच्या शेवटी चिकटविलेल्या तारखांच्या चिठ्ठीवरून कळते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि त्यांचे अनुदान या वर्गांनुसार ठरते. त्यामुळे ग्रंथालयात काय मोजायचे व कसे मोजायचे याची शिस्त कार्यकर्त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. विनामूल्य उतरवून घेतलेल्या ग्रंथाला देवघेवीची नोंदवही नसते. एखाद्या दुर्मिळ ग्रंथाचे पुनर्मुद्रण करावे की त्याची पीडीएफ प्रत पुरेशी आहे, कोणत्या ग्रंथाचे प्रतिमांकन आधी हाती घ्यावे, हे प्रश्न सोडवताना संचालकांच्या हाती सर्व्हरवरील आकडाच येतो. तो आकडा कशाचा आहे हे माहीत नसेल, तर सार्वजनिक पैशाचा निर्णय चुकीच्या पायावर घेतला जातो.

इतिहास : महाजालाच्या आरंभीच्या सर्व्हरांतच विनंत्यांची नोंद ठेवण्याची सोय होती. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात १९९३ च्या सुमारास तयार झालेल्या सर्व्हरने प्रत्येक विनंतीमागे एक ओळ लिहिण्याची रीत रूढ केली. त्या ओळीत मागणाऱ्या यंत्राचा अंकीय पत्ता, दिनांक व वेळ, मागितलेल्या फाइलचे नाव, प्रतिसादाचा स्थितिक्रमांक आणि पाठविलेल्या बाइटांची संख्या एवढे घटक असत. १९९५ मध्ये पुढे आलेल्या अपॅची सर्व्हरनेही हीच रीत उचलली व ती आजही बहुतेक सर्व्हरांवर चालू आहे. या ओळींची बेरीज करून तक्ते काढणाऱ्या ॲनलॉग, वेबॲलायझर, एडब्ल्यूस्टॅट्स यांसारख्या आज्ञावल्या पुढील काही वर्षांत निघाल्या.

सर्व्हरवर स्वतंत्र आज्ञावली चालवून मोजणी करण्याचा मार्गही त्याच सुमारास सुरू झाला. पुढे जगभर पसरलेल्या पीएचपी या संगणकीय भाषेचा जन्म अशाच एका मोजणीतून झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेले रॅसमस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये आपला परिचयलेख महाजालावर ठेवला आणि तो कोण पाहतो हे कळावे म्हणून सी भाषेत काही छोट्या आज्ञावल्या लिहिल्या. १९९५ मध्ये त्यांनी त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. डाउनलोड-गणना हा या भाषेचा नंतरचा उपयोग नसून तिच्या मूळ प्रयोजनाशीच निगडित आहे.

पुढे पृष्ठातच छोटी आज्ञावली घालून वाचकाच्या ब्राउझरकडून मोजणी करून घेण्याची पद्धत लोकप्रिय झाली. गुगल ॲनॅलिटिक्स (२००५) हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. पृष्ठांसाठी ती सोयीची आहे. पीडीएफ फाइल मात्र पृष्ठ नव्हे. शोधयंत्रातून, दुसऱ्या संकेतस्थळावरील संदर्भातून किंवा मित्राने पाठविलेल्या दुव्यावरून वाचक थेट फाइलपाशी आला, तर पृष्ठातील आज्ञावलीला चालण्याची संधीच मिळत नाही व तो वाचक हिशेबाबाहेर राहतो. गाजलेल्या ग्रंथांच्या बाबतीत असे वाचक बरेच असू शकतात. म्हणून ग्रंथांच्या मोजणीसाठी सर्व्हरवरील आज्ञावलीला पर्याय नाही.

कार्यपद्धती : सर्व्हरवरील आज्ञावलीने मोजणी करायची, तर प्रथम फाइल व वाचक यांच्यामध्ये ती आज्ञावली उभी करावी लागते. ग्रंथाच्या दुव्यात फाइलचे नाव न देता ग्रंथाचा क्रमांक देतात. वाचकाने दुव्यावर क्लिक केले की विनंती आज्ञावलीकडे येते. ती क्रमांक आपल्या सारणीत शोधते, सापडल्यास एक नोंद लिहिते आणि नंतर फाइलचा प्रकार, तिचे नाव व लांबी सांगणाऱ्या शीर्षनोंदी पाठवून फाइल लहान लहान तुकड्यांत वाचकाकडे रवाना करते. मूळ फाइली सर्व्हरच्या सार्वजनिक कप्प्याबाहेर ठेवतात. त्या सार्वजनिक कप्प्यात राहिल्या तर वाचक आज्ञावलीला वळसा घालून थेट त्यांच्यापर्यंत पोहोचू शकतो.

दुव्यात फाइलचे नाव स्वीकारून तीच फाइल उघडून देणारी आज्ञावली मोजणी बरोबर करील, पण ती अत्यंत धोकादायक असते. नावाऐवजी वरच्या कप्प्याकडे नेणारा मार्ग लिहून कोणीही सर्व्हरवरील गुप्त फाइली, उदा., विदागाराचा परवलीचा शब्द असलेली फाइल, मागवू शकतो. क्रमांकाचा आग्रह याचसाठी धरतात.

मोठ्या फाइली आज्ञावलीने स्वतः वाहून नेणे सर्व्हरला जड जाते. चाळीस मेगाबाइटांच्या ग्रंथासाठी आज्ञावली कित्येक मिनिटे अडकून पडते. यावर दोन उपाय आहेत. पहिल्यात आज्ञावली नोंद लिहून वाचकाला फाइलच्या खऱ्या पत्त्यावर पाठवते. हा उपाय स्वस्त आहे, परंतु खरा पत्ता उघड होतो आणि पुढच्या खेपेस वाचक किंवा शोधयंत्र त्याच पत्त्यावर परस्पर जाते. दुसऱ्यात आज्ञावली नोंद लिहून झाल्यावर एका खास शीर्षनोंदीद्वारे फाइल पाठविण्याचे काम मूळ सर्व्हरकडे सोपवते. वाचकाला खरा पत्ता दिसत नाही. ग्रंथसंग्रहांसाठी दुसरा उपाय निःसंशय श्रेयस्कर होय.

नोंद कशी लिहावी, हाही विचाराचा विषय आहे. १९९० नंतरच्या दशकात एका साध्या मजकूर-फाइलीत आकडा ठेवून प्रत्येक वेळी त्यात एक मिळविण्याची रीत होती. दोन वाचक एकाच क्षणी आले, तर दोन्ही विनंत्या ४१२ हा आकडा वाचीत, दोन्ही त्यात एक मिळवीत आणि दोन्ही ४१३ लिहीत. एक वाचक हरवे. लिहिता लिहिता सर्व्हर बंद पडला तर आकडा शून्यावरही येई. फाइलीला कुलूप लावणे किंवा वाढीचे काम विदागाराला एकाच अखंड आज्ञेत सांगणे हा त्यावरील उपाय. त्याहून चांगली रीत म्हणजे केवळ बेरीज न ठेवता प्रत्येक विनंतीची स्वतंत्र ओळ लिहिणे. बेरजेवरून ओळी पुन्हा मिळवता येत नाहीत, मात्र ओळींवरून हवी ती बेरीज केव्हाही करता येते. मोजणीचे नियम बदलले, तर जुन्या ओळींना नवा नियम लावून पाहता येतो.

मोजणीतील फरक : एक विनंती म्हणजे एक डाउनलोड नव्हे आणि एक डाउनलोड म्हणजे एक वाचन नव्हे. हा भेद न पाळल्यास आकडे सहज फुगतात. समजा, दादरच्या रानडे रोडवर राहणाऱ्या एका वाचकाने सकाळी चाळीस मेगाबाइटांचा एक प्रतिमांकित ग्रंथ मागितला. फाइल येईना म्हणून बारा सेकंदांनी त्याने पुन्हा क्लिक केले. ब्राउझरमधील पीडीएफ-दर्शकाने संपूर्ण फाइलऐवजी हवे ते चार तुकडे स्वतंत्रपणे मागविले. मध्येच जोडणी तुटली व ती सांधल्यावर उरलेला भाग आणखी एका विनंतीने आला. त्याच दिवशी एका शोधयंत्राच्या रोबॉटनेही तीच फाइल नेली. सर्व्हरच्या नोंदवहीत आठ ओळी पडल्या. तुकड्यांच्या पाच ओळींना २०६ हा स्थितिक्रमांक मिळाला व बाकीच्या तीन ओळींना २००. सर्व ओळी मोजणारी संस्था आठ डाउनलोड सांगेल, केवळ २०० क्रमांकाच्या मोजणारी तीन, रोबॉट वगळणारी दोन आणि लागोपाठच्या क्लिका एक धरणारी एक. चारही संस्था खरे बोलतील. प्रत्यक्षात ग्रंथ एकाच माणसाकडे गेला.

तुकड्यातुकड्यांनी फाइल मागण्याची सोय एचटीटीपी या संदेशवहन-नियमावलीच्या १.१ या आवृत्तीत (१९९७) अंतर्भूत झाली. ती वाचकाच्या सोयीची आहे, कारण पाचशे पृष्ठांच्या ग्रंथातील शेवटची सूची पाहण्यासाठी सर्व ग्रंथ उतरवावा लागत नाही. मोजणीला मात्र तिने अवघड केले. पाठविलेल्या बाइटांची बेरीज फाइलच्या लांबीएवढी झाली की नाही हे पाहून डाउनलोड पूर्ण झाले असे ठरवता येते. पण ज्याला ग्रंथातील एकच प्रकरण हवे होते त्याचे वाचन ‘अपूर्ण’ म्हणून टाकून देणे कितपत योग्य, हा ग्रंथपालाच्या विवेकाचा प्रश्न आहे. ग्रंथालयात पाच पृष्ठे चाळून परत केलेला ग्रंथही देवघेवीत पूर्ण एक मोजला जातो.

रोबॉटांचा प्रश्न जुना आहे. त्यांनी कोठे जाऊ नये हे सांगणारी एक लहान मजकूर-फाइल संकेतस्थळावर ठेवण्याचा संकेत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचविला आणि २०२२ मध्ये त्याला औपचारिक मानकाचे स्वरूप आले. हा संकेत पाळणे रोबॉटच्या मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते. सभ्य रोबॉट आपले नाव सांगतात, त्यांना वगळणे सोपे असते. सामान्य ब्राउझरचे सोंग घेणारे ओळखण्यासाठी विनंत्यांचा वेग व क्रम पाहावा लागतो. अलीकडे भाषा-प्रतिमानांसाठी मजकूर गोळा करणाऱ्या रोबॉटांची भर पडल्याने जुन्या व नव्या वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना विशेष सावधगिरी हवी. एखाद्या विस्मृत ग्रंथाला अचानक मोठी मागणी आलेली दिसली, तर आधी रोबॉटाचा संशय घ्यावा.

याउलट काही कारणांनी आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. ब्राउझर वा मधला सर्व्हर फाइलची प्रत स्वतःजवळ साठवून ठेवतो व दुसऱ्यांदा तीच देतो. मूळ सर्व्हरला फार तर ‘फाइल बदलली नाही ना’ एवढीच विचारणा होते व तिला ३०४ हा क्रमांक मिळतो. शिक्षकाने एकदा उतरविलेले पाठ्यपुस्तक व्हॉट्सॲपवरून सगळ्या वर्गाला गेले, तर सर्व्हरच्या लेखी तो एकच वाचक राहतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळू लागल्यापासून हा प्रसार घरोघरी परिचित झालेला आहे.

प्रमाणीकरण : वेगवेगळ्या संस्थांचे आकडे तुलनीय व्हावेत म्हणून ग्रंथालये व प्रकाशक यांनी २००२ मध्ये ‘काउंटर’ या नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. त्याच्या आचारसंहितेची पाचवी आवृत्ती जानेवारी २०१९ पासून लागू झाली. तीनुसार ज्ञात रोबॉटांच्या विनंत्या वगळतात, अयशस्वी विनंत्या धरीत नाहीत आणि त्याच वाचकाने तीच वस्तू ३० सेकंदांच्या आत पुन्हा मागितल्यास दोन्ही मिळून एक मोजतात. एकूण विनंत्या व स्वतंत्र विनंत्या असे दोन आकडे द्यावे लागतात. दुसऱ्यात एकाच बैठकीत पुनःपुन्हा उघडलेला ग्रंथ एकदाच धरला जातो. बैठक ओळखण्याचे दुसरे साधन नसल्यास दिनांक, तास, अंकीय पत्ता व ब्राउझरची ओळख ही चार अंगे एकत्र करून ती ठरवितात. ही संहिता मुख्यतः वर्गणी घेणाऱ्या नियतकालिकांसाठी तयार झाली असली, तरी तिचे नियम विनामूल्य ग्रंथसंग्रहांनाही जसेच्या तसे लावता येतात. लहान संस्थेला संपूर्ण संहिता पेलणार नाही; निदान ३० सेकंदांचा नियम व रोबॉट वगळणे एवढे केले आणि आकड्याशेजारी तसे नमूद केले, तरी आकड्याला अर्थ येतो.

अंकीय पत्त्यावरून वाचक मोजण्याला भारतात आणखी एक मर्यादा पडते. भ्रमणध्वनीच्या जाळ्यात अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून दिलेला असू शकतो. महाविद्यालयातील सर्व संगणकही पुष्कळदा एकाच पत्त्याने बाहेर दिसतात. अशा वेळी ‘एक पत्ता म्हणजे एक वाचक’ हे गृहीत चालत नाही.

देवनागरी फाइलनामे : मराठी ग्रंथांच्या फाइलींना देवनागरीत नावे दिली, तर मोजणीत एक वेगळीच अडचण येते. महाजालावरील पत्त्यात देवनागरी चिन्ह सरळ जात नाही. यूटीएफ-८ या संकेतनात प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात व पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंकाक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो. ‘वाई’ या शब्दात व, काना आणि ई अशी तीन चिन्हे असल्याने नोंदवहीत त्याच्या २७ खुणा होतात. ‘विश्वकोश’ या शब्दाच्या ७२. अशी नोंदवही डोळ्यांनी वाचणे अशक्यप्राय असते.

याहून मोठी अडचण एकाच शब्दाच्या दोन संकेतनांची आहे. ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतील र युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, तसाच साधा र व त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात व युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य आहेत. बाइट मात्र निराळे. नावावरून मोजणारी आज्ञावली त्यांना दोन ग्रंथ समजते, किंवा त्यांपैकी एका रूपाने आलेल्या वाचकाला ‘फाइल सापडली नाही’ असा ४०४ क्रमांकाचा प्रतिसाद देते. परत गेलेला हा वाचक कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. इंग्रजी नावातील रिकाम्या जागाही अशाच फसव्या ठरतात, कारण व्हॉट्सॲपवरून पाठविलेला दुवा रिकाम्या जागेपाशी तुटू शकतो. यासाठी फाइलनामे प्रमाणित रूपात आणून मगच तुलना करावी किंवा, अधिक चांगले म्हणजे, वर सांगितलेल्या ग्रंथक्रमांकाचा अवलंब करावा. ४०४ क्रमांकाच्या ओळींचा वेगळा तक्ता दरमहा पाहणाऱ्या संस्थेला आपले किती वाचक दारातून परतले हे कळते. मोजणीचा हा भाग सर्वांत उपेक्षित व बहुधा सर्वांत उपयुक्त आहे.

वाचकाची गोपनीयता : किती जणांनी ग्रंथ नेला हे मोजण्यासाठी कोणी नेला हे कायम लिहून ठेवण्याची गरज नसते. अंकीय पत्ता, वेळ आणि ग्रंथाचे नाव एकत्र आले की एखाद्या व्यक्तीच्या वाचनाचा माग काढता येतो. ही भीती काल्पनिक नाही. ज्यांच्या स्मारकाचा वर उल्लेख आला ते सावरकर १९३८ पासून १९६६ मधील निधनापर्यंत शिवाजी पार्क येथील सावरकर सदनात राहिले. १८५७ च्या उठावावरील त्यांच्या ग्रंथावर ब्रिटिश सरकारने १९०९ मध्ये प्रकाशनापूर्वीच बंदी घातली आणि ती १९४६ मध्ये उठली. त्या काळात या ग्रंथाच्या प्रती गुप्तपणे हातोहात फिरत. कोणत्या पत्त्यावरून ग्रंथ केव्हा मागविला गेला, अशी सारणी त्या वेळच्या पोलिसांना किती उपयोगी पडली असती हे सांगणे नको. आज तोच ग्रंथ एका क्लिकेत मिळतो, आणि नेमकी तशी सारणी प्रत्येक सर्व्हर आपोआप तयार करतो.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये बदलता अंकीय पत्ताही विशिष्ट परिस्थितीत वैयक्तिक माहिती ठरू शकतो असा निर्णय दिला. भारतात अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. दुसऱ्या बाजूने, संगणकीय सुरक्षेसाठीच्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह अनेकांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. सुरक्षेसाठीची नोंदवही व मोजणीची सारणी या दोन वेगळ्या वस्तू मानल्या, तर या दोन अपेक्षांत विरोध राहत नाही. पहिली मर्यादित मुदतीपुरती, मोजक्या अधिकाऱ्यांच्या हाती ठेवावी. दुसरीत पूर्ण पत्ता लिहूच नये. लागोपाठच्या क्लिका ओळखण्यासाठी पत्त्यापासून काढलेली व रोज बदलणाऱ्या गुप्त शब्दाने मिसळलेली खूण पुरते. दिवस संपला की तो गुप्त शब्द नष्ट करतात व खुणेवरून पत्ता शोधण्याचा मार्ग बंद होतो. नुसता पत्ता सांकेतिक रूपात बदलून ठेवणे मात्र पुरेसे नाही. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे आणि आधुनिक संगणक ते सर्व अल्पावधीत पडताळून मूळ पत्ता शोधू शकतो.

प्रती व आवृत्त्या : खुला केलेला ग्रंथ मूळ संकेतस्थळापुरता राहत नाही. तो इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहांत, खाजगी संकेतस्थळांवर व पेनड्राइव्हवर जातो. इंटरनेट आर्काइव्ह आपल्याकडील प्रतीचा स्वतंत्र आकडा दाखवते. तो मूळ संस्थेच्या आकड्यात मिळवू नये, कारण दोहोंचे मोजणीचे नियम एक नाहीत. दोन्ही आकडे शेजारी द्यावेत. पुसट प्रतिमांकनाच्या जागी स्वच्छ प्रत ठेवली जाते तेव्हा ग्रंथक्रमांक तोच ठेवून आवृत्तीचा क्रमांक वेगळा लिहितात व सारणीत प्रत्येक ओळीसमोर आवृत्तीची नोंद करतात. असे न करता जुनी फाइल पुसून नवी ठेवली, तर सुधारित प्रतीमुळे मागणी वाढली की जुनीच प्रत ज्यांनी आधी नेली होती ते पुन्हा आले, हे नंतर वेगळे काढता येत नाही.